पगारेमास्तरांचा डावा हात

मास्तर गेल्यानंतरच्या जलदानविधीला, वंदना झाल्यावर, कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर बोला असं सांगण्यात आलं. आधी नात्यातली माणसं बोलली. मग आम्ही मैदानावरचे लोक एकेक करून उठलो. दातांच्या डॉक्टर असलेल्या एक बाई म्हणाल्या, "मास्तरांनी मला एक गोष्ट सांगितली होती. ती मी आजवर कुणाला सांगितली नाही, आजही सांगणार नाही." एवढं बोलून त्या खाली बसल्या. त्यांच्यामागून लासलगावचे एक कांदाव्यापारी उठले. ते मोठ्या आवाजाचे गृहस्थ, पण त्या दिवशी त्यांचा आवाज बसला होता. "मलापण एकच सांगितली होती," म्हणाले आणि रुमाल काढला. माझे शेजारी मेजरसाहेब उभे राहिले, आणि समोरच्या मेणबत्त्यांकडे बघत "सेम" एवढाच शब्द बोलून बसले. मांडवात नामपूरकडचे पाहुणे होते. त्यांतले एक म्हातारे शेजारच्याला हळूच विचारताना मी ऐकलं, "ह्यांना काय मंतर दिला व्हता का काय?"

मी बोललो नाही. मला उभं राहून बोलता येत नाही. चौतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात गेली, तिथे न बोलणं हेच काम होतं. म्हणून सावकाश लिहितो आहे. मास्तरांनी ज्याला त्याला सांगितलेल्या त्या गोष्टी पुढे येतील. त्या ज्यांच्या होत्या त्यांना विचारूनच त्या इथे घेतल्या आहेत.

नाशिकहून देवळालीकडे जाताना आत एक फाटा लागतो, तिथे आमचं नऊ होलचं गोल्फचं मैदान आहे. मैदान म्हणायचं, पण मार्चपासून गवत पिवळं पडतं, आणि शेवटी ज्या भोकात बॉल घालायचा असतो त्याच्याभोवती हिरवळीऐवजी तेल घालून चोपलेली वाळू असते. पलीकडच्या डोंगराच्या अंगाला तोफांचा सराव चालतो. दणका झाला की नवा माणूस दचकतो आणि जुना माणूस घड्याळात बघतो.

काशिनाथ पगारे तिथे गोल्फ शिकवत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. अंगाने बारीक, बुटके. मनगटं मात्र जाड. मे महिन्यातसुद्धा सदऱ्याचं गळ्याचं बटण लावलेलं. कापडी बूट रोज खडूने पांढरे केलेले. खिशात बडीशेपेची चपटी डबी. शिष्याचा फटका मनासारखा गेला की ते 'शाबास' वगैरे म्हणत नसत; डबी उघडून पुढे करत. दोन-दोन वर्षं शिकून एकदाही बडीशेप न मिळालेली माणसं मला माहीत आहेत. त्यांतला एक मीच.

शिकवताना ते कुणाच्या अंगाला हात लावत नसत. हात पाठीमागे बांधून, जरा मागे, डाव्या बाजूला उभे राहत. इंग्रजी शब्द त्यांना सगळे येत होते, पण वापरत नसत. गोल्फ क्लबला ते काठी म्हणत आणि स्विंगला झोका. शिकायला आलेल्याबरोबर कुणी आलं असेल, नवरा, बायको, मुलगा, तर त्याला आधी बाहेर घालवत. "घरचं माणूस बघत असलं की हात लाजतो," म्हणत.

पहिल्या दिवशी ते काठी देतच नसत. बूट-मोजे काढून गवतावर उभं करत. "पायाला आधी कळू द्या कुठं आलोय ते." मग विचारत, "वजन कुठंय? उत्तर देऊ नका. नुसतं बघा." माणूस गोंधळून आपल्या तळव्यांचा विचार करत उभा राही. डाव्या टाचेत किती, उजव्या चवड्यात किती, गुडघ्यात अडकलंय का. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आयुष्यात इतका वेळ कधी स्वतःच्या पायांवर उभं राहिलो नव्हतो असं मला वाटलं होतं.

आणि मग त्यांचा ठरलेला प्रश्न येई.

"वयाच्या बारा वर्षांच्या आत हातांनी काय काम केलंत?"

मला हा प्रश्न त्यांनी विचारला तेव्हा मी निवृत्त होऊन सात महिने झाले होते, आणि बायको जाऊन पाच. उजवा खांदा धरला होता. डॉक्टर म्हणाले, हलवा, नाहीतर कायमचा जाईल. मेजरसाहेबांनी जवळजवळ ओढतच मला मैदानावर नेलं होतं.

"काही नाही," मी म्हणालो. "पुस्तकं वाचली."

"ते डोळ्यांचं काम. हातांचं?"

"खरंच काही नाही हो."

"मग पुढच्या रविवारी सांगा."

असे तीन रविवार गेले. मला मनातून राग येऊ लागला होता. चौथ्या रविवारी मी म्हणालो, "धाकट्या बहिणीला झोका द्यायचो. पाळण्याच्या दोरीने. पण ते काही काम नाही."

मास्तरांनी मान वर केली. "एका हातात पुस्तक?"

"हो."

"आणि ती उठली तर आईची बोलणी?"

"हो. म्हणून अगदी हळू..."

"हळू ओढायची, आणि मग ढकलायची?"

मी आठवून बघितलं. "नाही. ढकलायची नाही. ओढायची आणि सोडायची. पाळणा आपला आपण जातो."

"झालं की मग," मास्तर म्हणाले. "आता काठी घ्या. मागं न्या, दोरी ओढल्यासारखी. आणि सोडून द्या. बहिणीला उठवू नका." मग जरा जवळ येऊन, खालच्या आवाजात, "हे तुमचं आहे सर. कुणाला द्यायचं नाय. दुसऱ्याचं चित्र आपल्या अंगाला बसत नसतं, आणि आपलं दिलं की आपल्याजवळ राहत नाय."

ते म्हणत, अंगाला हुकूम देऊन उपयोग नसतो, अंगाला आठवण करून द्यावी लागते. डोक्याला मात्र ते फारसं मानत नसत. "डोकं हुशार असतं, म्हणून उशीर करतं," असं त्यांचं मत होतं, आणि ते सांगताना माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत.

मला सवयच आहे नोंदी करायची. सरावाच्या जागेमागे एक बाक होता, तिथे बसून कानावर येईल ते मी एका वहीत लिहू लागलो. मास्तरांना ते कळलं. मला वाटलं, आता वही फाडायला लावणार. ते म्हणाले, "लिहा. तुम्हाला लिहिल्याबिगर अन्न पचायचं नाय. पण वाचून कुणाला दाखवाल तर बघा." त्या वहीत एक्केचाळीस जणांच्या गोष्टी आहेत.

डॉक्टरबाई काठी इतकी आवळून धरत की बोटं पांढरी पडत. त्या पिंपळगावकडच्या द्राक्षबागेतल्या, हे कळायला मास्तरांना दोन प्रश्न लागले. "घड तोडताना कुठं धरायच्या, ताई?" "देठाला." "मण्यांना का नाय?" "अहो, वरची पांढरी भुकटी पुसली जाते. बोटांचे डाग पडले की माल उतरतो." मास्तर नुसते काठीकडे बघत राहिले. बाईंनी काठीकडे बघितलं, आणि त्यांची बोटं आपोआप सैल झाली. त्या दिवशी त्यांना बडीशेप मिळाली. बाई हसता हसता डोळे पुसत होत्या. त्यांच्या वडिलांनी ती बाग दोन वर्षांपूर्वी काढून टाकली होती.

व्यापाऱ्यांची अडचण घाईची होती. काठी मागे गेली न गेली तोच खाली. त्यांना मास्तरांनी विचारलं, "शेठ, लिलावात शेवटचा भाव बोलायच्या आधी काय करता?" "काय करणार? थांबतो." "किती?" "एक श्वास. समोरचा उतावळा असला तर तेवढ्यात तोच चूक करतो." "मग वर गेल्यावर तेवढं थांबा. समोर बॉल आहे, तो उतावळा आहे, तुम्ही नाय." शेठचा फटका असा गेला की बॉल शोधायलाही कुणी गेलं नाही.

पण शेठना पोटात काही ठेवता येत नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी ही युक्ती मेजरसाहेबांना सांगितली. मेजरसाहेबांनी जन्मात कधी लिलाव बघितला नव्हता. त्यांनी काठी वर नेली, थांबले, आणि तिथेच अडकले. खाली येता येईना. दुसऱ्या दिवशीही तेच. तोफखान्यात सव्वीस वर्षं काढलेला माणूस हात वर करून घामाघूम उभा, आणि मागे चारजण रांगेत. शेठ म्हणाले, "साहेब, भाव तरी बोला!" सगळे हसले. दोन महिने झाले तरी ते सुटेना, तेव्हा मात्र कुणी हसेनासं झालं. मेजरसाहेबांनी मैदानावर येणं बंद केलं. घरी चमचा तोंडाकडे नेतानाही हात मध्येच थांबतो, असं त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या.

मास्तर शेठवर चिडले नाहीत. त्यांच्याशी महिनाभर बोलले नाहीत, एवढंच. मेजरसाहेबांना त्यांनी निरोप पाठवून एका सकाळी बोलावून घेतलं. तोफांचा सराव सुरू होता. "काठी वर न्या आणि थांबा. कितीपण थांबा," मास्तर म्हणाले. "दणका झाला की सोडा." मेजरसाहेब काठी वर नेऊन उभे राहिले. मिनिटभर काहीच नाही. मग डोंगरामागे तोफ उडाली, आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने त्यांचं अंग आपण होऊन हललं. बॉल सरळ गेला. त्यांनी काठी तशीच खाली टाकली आणि मास्तरांना सॅल्यूट केला. मास्तर इतके शरमले की डबी काढायची विसरले.

मध्यंतरी मैदानाच्या मंडळींनी पुण्याहून एक तरुण प्रशिक्षक आणला. चांगला, नम्र मुलगा. त्याच्याजवळ मोबाइल उभा करायची तिकाटणी होती आणि झोक्याचे तुकडे तुकडे करून दाखवणारं ॲप होतं. "काका, तुमचा स्विंग घेऊ का? मला शिकायचाय," तो म्हणाला. मास्तर तयार झाले. त्यांनी मारून दाखवलं आणि मग त्या छोट्या पडद्यावर स्वतःला अगदी सावकाश हलताना बघितलं. एकदा, दोनदा, पाचदा. मला वाटलं त्यांना मजा वाटते आहे.

"हा वर जातोय ना हात," ते म्हणाले, "हा ब्रिगेडियरसाहेबांचा. ते असेच न्यायचे. आणि कंबर फिरतीय ती एक पारशी बाई यायच्या देवळालीला हवापालटाला, त्यांची. शेवटी हनुवटी वर होतीय ती..." त्यांना नाव आठवेना. "एक साहेब होते. त्यांची." मग मुलाकडे बघून विचारलं, "मी कुठंय ह्याच्यात?"

मुलगा हसला. "काका, तुम्हीच तर आहात की."

त्या दिवशी मास्तरांनी कुणाला शिकवलं नाही. माझ्या बाकावर येऊन बसले. अकराव्या वर्षी ते चुलत्याबरोबर मैदानावर आले होते, साहेबलोकांच्या पिशव्या उचलायला. काठीला हात लावायची मनाई होती. दिवसभर बघायचं आणि घरामागे जाऊन वाकवलेल्या सळईने दगड मारायचे. "मला कुणी काय सांगितलंच नाय, सर. साहेब आम्हाला काय सांगणार? बॉल शोध, एवढंच. मी नुसतं बघून घेतलं."

मी नको ते विचारलं. त्यांचाच प्रश्न. "आणि बारा वर्षांच्या आत हातांनी काय काम केलंत?"

"दुसऱ्याचं ओझं उचललं," मास्तर म्हणाले. "त्याला काय चित्र असतं?"

गेल्या थंडीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. पहाटे न्हाणीत पडले. बारा दिवस दवाखान्यात काढून घरी आले, तेव्हा बोलणं शाबूत होतं, जरा जड. डावा पाय ओढत का होईना टाकता येत होता. डावा हात मात्र गेला होता. नुसता हलत नव्हता असं नाही. त्यात जाणीवच नव्हती. मास्तरांच्या पत्नींनी, म्हणजे वहिनींनी, त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली आणि उचलायची विसरल्या, तर कातडी भाजेपर्यंत त्यांना पत्ता नव्हता.

देवळाली कॅम्पच्या रस्त्याला एका कॉलनीत त्यांची दोन खोल्यांची जागा. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली मुलीच्या लग्नाचा फोटो. वहिनी अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. बोलायला तिखट, कामाला न थकणाऱ्या. मी आठवड्यातून दोनदा जात असे. दर वेळी मास्तर भिंतीला टेकून बसलेले आणि सदऱ्याची सगळी बटणं लावलेली असत.

"मी लावून देते म्हटलं तर ऐकत नाहीत," वहिनी म्हणाल्या. "एका हाताने लावतात. पाऊण तास. जेवण निवतं."

"गळ्याचं बटण राहू दे ना, मास्तर," मी म्हणालो.

"शिकवणारा माणूस उघड्या गळ्याने कसा जाईल?" ते म्हणाले. ते मैदानाबद्दल बोलत होते. दुसरं काहीच त्यांच्या डोक्यात नव्हतं. "उजवा हात नुसता जोर करतो, सर. वाट डावा दाखवतो. वाट दाखवणाराच गेल्यावर मी कुणाला काय दाखवू?"

व्यायाम करून घ्यायला शीतल नावाची एक मुलगी येई. विशी-बाविशीची, उत्साही.

"काका, हात उचला बघू."

"कसा?"

"असा."

"असा म्हणजे कशासारखा?"

"कशासारखा काय काका, हातासारखा! मेंदूला सांगा, हात उचल."

"त्याला सांगून काय व्हत नसतं, पोरी. त्याला काय कळतंय?" मास्तर म्हणाले. "मला चित्र दे एखादं."

शीतल हिरमुसली. नंतर दारात मला म्हणाली, "सर, हे असं करतात. मग व्यायामच होत नाही. पहिले तीन-चार महिने महत्त्वाचे असतात, तुम्ही समजवा ना."

एका दुपारी मास्तर म्हणाले, "तुमची वही आणा."

मी वही नेली. एक्केचाळीस जणांच्या एक्केचाळीस गोष्टी. वाचायला बंदी असलेली वही मी पहिल्यांदा मोठ्याने वाचली, आणि तीही त्यांच्याचसाठी. ते डोळे मिटून बसले. द्राक्षाचा घड. लिलावातला श्वास. एका शिंपीदादांची कैची, एका बाईंचं अंगणातलं सड्याचं पाणी, एकाचा पोहऱ्याचा दोर. प्रत्येक गोष्टीला तोंडाची उजवी बाजू किंचित हसे, कारण माणूस डोळ्यांसमोर येई. मग भुवया आक्रसत. ते डाव्या हाताला आठवण करून देत असावेत. मी थांबून हाताकडे बघे. हात चादरीवर, कुणीतरी विसरून गेल्यासारखा.

"पुढचं," ते म्हणत.

माझा पाळणाही मी वाचला. शेवटचं पान संपलं तेव्हा बाहेर अंधारू लागलं होतं.

"लोकांचे सदरे आहेत हे," मास्तर डोळे न उघडता म्हणाले. "मला एकपण व्हत नाय."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "जन्मभर लोकांच्या अंगात शिरत राहिले. आता स्वतःच्या अंगात यायची वाट सापडंना." आणि आत जाऊन त्यांनी भांडी जोरात घासायला घेतली.

पुढच्या आठवड्यात वहिनींचा मला फोन आला. आवाज बदललेला होता. त्या सकाळी त्या दारात उभ्या राहून ओली चादर झटकत होत्या. मास्तर बघत होते. झटक्याबरोबर त्यांची डावी बोटं हलली. "दोनदा हलली. मी बघितलं डोळ्यांनी." शीतल म्हणाली, असं कधीकधी आपोआपही होतं, त्यावर विसंबू नका. मास्तरांनी तर विश्वासच ठेवला नाही, कारण त्यांना स्वतःला काहीच जाणवलं नव्हतं. पण मी गेलो तेव्हा ते बदललेले दिसले. बसायची ढब बदलली होती.

"सर, मी येड्यासारखं चित्र मागत बसलो," ते म्हणाले. "मला कुठं कुणी चित्र दिलेलं? मला बघूनच आलेलं आहे. बघूनच यायचं असेल तर येईल. मला मैदानावर न्या."

"रविवारी नेतो. सगळे असतील. शेठ आहेत, मेजरसाहेब..."

"रविवारी नाय." त्यांनी मान हलवली. "असं बघायचं नाय कुणी मला. सोमवारी न्या. सोमवारी बंद असतं."

"पण मग मारून दाखवणार कोण?"

मास्तर उजव्या बाजूने हसले. "आता तुम्हीच. नशीब माझं."

सोमवारी सकाळी रिक्षाने आम्ही तिघे गेलो. राखणदाराने फाटक उघडलं, मास्तरांचे पाय धरले आणि एक प्लास्टिकची खुर्ची आणून सरावाच्या जागेजवळ ठेवली. ऊन अजून कोवळं होतं. वहिनींनी डावा हात उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला, जवळच उभ्या राहिल्या आणि हातावर नजर रोखली.

"तू जा," मास्तर म्हणाले. "फाटकाजवळ बस."

"मी नाही बघितलं तर कोण बघणार?"

"सर आहेत. तू बघत असली की हात लाजतो. जा म्हटलं ना."

त्या गेल्या. मला तेव्हा ते चूक वाटलं नाही. त्यांची रीतच होती ती.

मी मारायला लागलो. पहिला जमिनीत. दुसरा उजवीकडे, पार कुंपणात. तिसऱ्या वेळी काठी बॉलला लागलीच नाही. दर वेळी मारून झालं की मी वळून त्यांच्या हाताकडे बघे. मास्तर मान हलवत. "परत मारा." त्यांना माझी चूक दिसत असणार, पण त्यांनी एकदाही दुरुस्त केलं नाही. ते तिथे शिकवायला बसले नव्हते. शिकायला बसले होते, आणि त्यांना मिळालेला गुरू मी होतो. आयुष्यात माझी इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. ज्याला बघून अकरा वर्षांच्या पोराचं अंग शिकेल असं काही माझ्यात नव्हतं, आणि चांगलं मारणारी सगळी माणसं शहरात आपापल्या कामावर गेली होती.

दहावा असेल, किंवा अकरावा. काय वेगळं झालं ते मला सांगता येणार नाही. काठी मागे गेली आणि आपली आपण आली. आवाज निराळा झाला, कोरडा, लहानसा. हातांना काहीच लागलं नाही. बॉल उठला, खूप वर गेला, निळ्यात दिसेनासा झाला आणि पार पलीकडच्या बाभळीपाशी उतरला. मी त्याच्याकडे बघतच राहिलो. दोन वर्षांत मला असा फटका बसला नव्हता.

"सर!" मास्तर ओरडले. "हलला का?"

मी वळलो. हात मांडीवरच होता, तळवा वर.

"सर, हलला का हात?"

"मी... बॉलकडे बघत होतो."

"मी तुमच्याकडे बघत होतो," मास्तर म्हणाले.

आम्ही दोघेही त्या हाताकडे बघू लागलो. वहिनींनी तो ठेवला तेव्हा तळवा वर होता की खाली, ते मला आठवेना. त्यांनाही आठवेना. वहिनींना हाक मारून विचारलं. त्या धावत आल्या, हाताकडे बघितलं, आणि त्यांनाही खात्रीने सांगता येईना. "मी पालथा ठेवला असेल," म्हणाल्या. मग, "का उताणाच ठेवला?" मग त्या जवळच्या दगडावर बसल्या.

"बाहेर पाठवलं तुला," मास्तर म्हणाले. एवढंच.

नंतर वहिनी जवळ बसल्या आणि मी आणखी पंधरा-वीस बॉल मारले. एकही तसा गेला नाही. तेच करायला लागलो की डोकं मध्ये येई. खांदा दुखू लागला. ऊन चढलं. पुढच्या सोमवारी मेजरसाहेबांना आणायचं असं मी म्हणालो, आणि मास्तर चक्क "आणा" म्हणाले. शुक्रवारी दुपारी जेवताना त्यांना दुसरा झटका आला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

पण ते शुक्रवारचं. माझ्याजवळ आहे तो सोमवार. "आता पुरे, औषधाची वेळ झाली," वहिनी म्हणत होत्या. रिक्षावाला फाटकाशी येऊन उभा होता. मास्तरांनी उजवा हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"शेवटचा मारा, सर," ते म्हणाले.

वहिनी हातावर वाकल्या. मी बॉल ठेवला आणि काठी धरली. मारायच्या आधी एकदा मान वळवून बघितलं. गळ्यापर्यंत बटणं लावलेले मास्तर खुर्चीत पुढे सरकून बसले होते. तोंड किंचित उघडं होतं. त्यांची नजर हाताकडे नव्हती, वहिनींकडे नव्हती. ते माझ्या खांद्यांकडे, मनगटांकडे, पायांकडे बघत होते, एकटक, काही सुटू नये म्हणून. माझ्याकडे असं कुणी कधी बघितलं नव्हतं.

मग मला मान परत बॉलकडे वळवावी लागली.